हेरंबरावांचं गोल बटण

मकरपुऱ्यातल्या पंपाच्या कारखान्याचे मॅनेजर हेरंबराव दिघे म्हणजे एक वल्लीच. आपल्याशिवाय इथलं पान हलत नाही, असं त्यांचं ठाम मत. घरी अकोट्याला वसुंधरावहिनी त्यांच्या हाती टीव्हीचा रिमोटसुद्धा देत नाहीत, हे ते कशाला कुणाला सांगतील?

केबिनच्या भिंतीवर एक काळं गोल बटण होतं. रोज नऊच्या ठोक्याला हेरंबराव ते केसभर फिरवायचे, कॉम्प्रेसरच्या हवेचा दाब आता बरोबर झाला असं जाहीर करायचे आणि खात्री करायला खाली जायचे. गुजराती कारागीर "बराबर छे, साहेब" म्हणायचे. पण साहेब कसले ऐकतात! दीड तास एकेका मशीनपाशी रेंगाळायचे. कुठे नट ढिला, कुठे तेल गळतंय, कुणाची आई आजारी, सगळ्यात नाक खुपसायचे. माल चोख निघायचा आणि श्रेय अर्थात बटणाला.

दिवाळीआधी रंगाऱ्याने ते बटण उपटलं. मागे नुसती भिंत! फोरमन सुभानरावांनी मान खाली घालून सांगितलं की अकरा वर्षांपूर्वी नवा कॉम्प्रेसर आला तेव्हाच तार काढली होती. साहेब इतके खुशीत फिरवायचे की सांगायला कुणाची जीभ रेटली नाही.

झालं, हेरंबरावांचं अवसानच गळालं. अकरा वर्षं आपण भिंत पिळत होतो, या विचाराने त्यांना रडू यायचं बाकी होतं. ते केबिनमध्ये बसून राहिले. समोरची सेव-उसळ निवून गेली. आपल्या हातात काहीच नाही, तर खाली जाऊन करायचं काय? पंधरा दिवसांत खराब पंपांचा ढीग लागला. त्यात सोमवारी सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक, हार्दिकभाई, तपासणीला येणार होते. ते बिथरले की कारखान्याची एक पाळी बंद, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याआधीच्या बुधवारी सुभानराव पेचकस घेऊन आले आणि बटण होतं तिथे बसवलं.

"फिरवा, साहेब."

"तार जोडलीत?"

"नाही."

"मग याने खाली काय होणार?"

"खाली काही होत नाही. पण हे फिरवलं की तुम्ही खाली येता."

हेरंबराव खुर्चीतून उठले. मग बटण केसभर फिरवून जिना उतरले. तिसऱ्याच मशीनपाशी तेल गळत होतं. त्यांनी अर्धा तास सगळ्यांची हजेरी घेतली आणि कारागिरांचा जीव भांड्यात पडला.

सोमवारी तपासणी बिनबोभाट पार पडली. हार्दिकभाईंना ते बटण फार आवडलं. आपल्याकडेही बसवायचं म्हणून कुठे मिळतं ते विचारलं.

"कुठेही मिळेल," हेरंबराव म्हणाले. "फक्त तार जोडू नका."