काकांचा गार चहा

हर्णेला आमच्या शेजारचे काका बोटीवर नोकरीला होते. सुट्टीवर आले की चीनमधल्या हिरव्या चहाचा कागदी पुडा आणायचे. तो चहा ते उकळत नसत. सकाळी चिमूटभर पत्ती बरणीत गार पाण्यात घालायची आणि दुपारी गाळायची. माझ्या हातात फुलपात्र देताना दरवेळी दटावायचे, "आधी वास घे. घाई असेल तर घरी जाऊन दुधाचा पी."

नोकरी सुटल्यावर शेवटचा पुडा त्यांनी कितीतरी महिने फोडलाच नाही. फोडला त्या दुपारी मी तिथेच होतो. वास घेताना काका मध्येच थांबले. मीही घेतला. काकींनी तो पुडा अगदी जपून ठेवला होता, सुक्या बोंबलांच्या फडताळात.

"बरा झालाय ना हो?" काकींनी आतून विचारलं.

"फक्कड!" काका म्हणाले आणि एका दमात सगळा प्यायले. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "संपव गुपचूप."

तो पुडा आम्ही दोघांनी महिनाभर पुरवला.

आता पुण्यात चांगला हिरवा चहा मिळतो. मी तसाच गार पाण्यात भिजवतो, आधी वास घेतो, आणि दरवेळी वाटतं, काहीतरी घालायचं राहिलंय.