ताठ बसलेला तांडेल

अझीमचाचा चाळीस वर्षं जयगडच्या एका मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान होते. तेवढ्या काळात त्यांनी हवामान खात्याचा एकदाही अपमान केला नाही. फक्त त्याचं ऐकलं नाही. हृदयाची झडप बदलून आता नऊ दिवस झाले होते. घरी सोडायचं की नाही, ते आज मानेच्या सोनोग्राफीवर ठरणार होतं.

"टाके छातीवर आणि बघतेस मानेत?"

"मानेची शीर किती वर फुगलीय, त्यावरून हृदयावरचा दाब कळतो, चाचा," डॉक्टर उझमा म्हणाली. "तुमच्या जाड मानेत नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. रेला मागे."

चाचा मुद्दाम ताठ बसले. बसलं की रक्त पाण्यासारखं खाली उतरतं, शीर रिकामी दिसेल, सुटका होईल. विचार चुकीचा नव्हता. धडधाकट माणसाची तशीच दिसते.

उझमाने गळ्याच्या हाडापासून यंत्र वर सरकवलं. पडद्यावरचा शिरेचा काळा गोल जबड्यापर्यंत टम्म भरलेलाच राहिला.

"झालं ना? जातो मी."

बायको सकिना पिशवीत कपडे भरू लागली.

"चाची, थांबा जरा. ताठ बसूनही शीर रिकामी होत नाहीय," उझमा म्हणाली. यंत्र मानेवर तसंच धरून तिने दुसऱ्या हाताने मोठ्या डॉक्टरांना फोन लावला.