रिसेप्टरवरून भांडण

“धुतलं नसशील नीट.” माझा कुठलाही निकाल समोर ठेवला, की मॅडम कागद न उचलता एवढंच म्हणायच्या. चष्मा कपाळावरच असायचा. वाचायचा विचारच नसायचा.

कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेत त्या माझ्या मार्गदर्शक होत्या. मूळच्या गडहिंग्लजच्या. मी मुरगूडची, म्हणजे एकाच जिल्ह्यातली, तरी पाच वर्षं त्यांनी मला ‘पावणं’ म्हणूनच हाक मारली. मला त्यांचा मनापासून राग यायचा. अशा माणसाच्या हाताखाली तुम्हीही राबला असाल, तर मी सोडून का गेले नाही हे विचारणार नाही.

आमचं काम रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवर. त्यांच्या अंगावर शत्रू ओळखणारे रिसेप्टर असतात. शत्रू भेटला, की पेशी ते आत ओढून घेते. आम्ही अभ्यासत होतो तो रिसेप्टर आत गेला की नष्टच होतो, असं मॅडमनी तरुणपणी लिहिलं होतं. त्यांचं नाव त्यावरच झालं होतं.

मला उलटं दिसलं. मी रिसेप्टरना चमकणारी खूण लावली, ते आत गेल्यावर बाहेर उरलेली खूण धुऊन काढली. तासाभराने पेशीच्या कडेला चमक परत आली. काही रिसेप्टर पेशी पुन्हा वर पाठवत होती.

विभागाच्या बैठकीत मी हे दाखवायला लागले. दुसऱ्याच चित्राला मॅडम उठल्या.

“बंद कर ते. बाहेरचं धुतलं न्हाय आणि परत आलं म्हणती!”

सगळे हसले. मी गच्चीवर जाऊन त्यांना मोजून शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं, “धुतल्यावर निम्म्या पेशी बर्फावर ठेव. गारठ्यात पेशी काय हलवत न्हाय. तिथंबी चमकलं, तर तुझं धुणंच खोटं.”

मी केवळ खुन्नस म्हणून केलं. बर्फावरच्या पेशींची कड काळीच राहिली. उबेतल्या चमकल्या.

“तुझ्या हातावर इस्वास न्हाय,” मॅडम म्हणाल्या. “मी करतो.” आमच्याकडच्या बायका बोलतात तसंच बोलायच्या त्या.

तीन दिवस त्या स्वतः बसल्या. मला खोलीतही येऊ दिलं नाही. पुढच्या बैठकीत उभ्या राहिल्या.

“मी लिवलेलं चुकलं. हिचं बरोबर हाय.” आणि माझ्याकडे न बघता बाहेर पडल्या.

माफीचा एक शब्द तरी हवा होता मला. मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. “मॅडम, त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही मला...”

“त्या दिवशी बर्फावरचं केलंवतंस?”

“नाही.”

“मग?”

राग मात्र तसाच राहिला. जुन्या लेखातल्या चुकीची कबुली त्यांनी स्वतःच छापून आणली, तरीही.

त्यांच्या निवृत्तीच्या समारंभाला मी गेले नाही. दुपारी मात्र पाय स्टँडवर घेऊन गेले. त्या गडहिंग्लजच्या गाडीत खिडकीशी बसल्या होत्या, एकट्याच.

“हितं काय उभारलीयास? पेशी इनक्युबेटरमध्ये ठेवल्यास काय?”

मला आठवलं. पेशींची डबी उबेच्या कपाटाऐवजी टेबलावरच राहिली होती. “नाही.”

“मग जा की पळत!”

मी पळाले. कोपऱ्यावरून वळून पाहिलं, तर गाडी निघून गेली होती.