मला बुडण्यापासून वाचवलं तो दिवस

माझ्यावर गावाचं फार प्रेम होतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की बाई कृतघ्न आहे. थोडी आहेच म्हणा. पण कोल्हापूरनं एकदा कुणाला आपलं म्हटलं की त्या माणसाची सुटका नसते. दोन वर्षांची असताना पोलिओनं माझा उजवा पाय नेला आणि तेव्हापासून मी सगळ्या पेठेची झाले. बायका रस्त्यात थांबवून माझा पाय चाचपायच्या, चुकचुकायच्या आणि एकेक तेल सुचवायच्या. त्या सगळ्या तेलांत मला तळून काढलं असतं तरी पाय हलला नसता.

पोहायला मला म्हशींनी शिकवलं. माझी आत्ती, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, आमच्याच घरात राहायची. तिच्या दोन म्हशी होत्या. दुपारी ती त्यांना रंकाळ्यावर धुवायला न्यायची, आणि मला एकीच्या पाठीवर बसवून घ्यायची, कारण घरी ठेवलं तर शेजारणी तेल घेऊन यायच्या. म्हैस पाण्यात शिरली की मी तिची शेपूट धरून मागं तरंगायचे. एक दिवस शेपूट सुटली आणि मी तरंगतच राहिले. म्हशीनं मागं वळून बघितलंसुद्धा नाही. माझ्या आयुष्यात इतक्या समंजसपणे वागलेलं कुणी मला नंतर क्वचितच भेटलं.

पुढं गावातल्या जलतरण तलावावर जायला लागले. सत्तरचं दशक संपत आलं होतं. पहाटे धारा काढून झाल्या की आत्ती सायकलच्या एका बाजूला दुधाची किटली अडकवायची, मला कॅरियरवर बसवायची आणि सायकल हातानं ढकलत तलावापर्यंत न्यायची. तिथं पोचली की तिचं काम संपलं. पायाच्या लोखंडी पट्ट्या मी सोडायच्या, पायऱ्यांवरून बसत बसत मी उतरायचं, आणि परत वरही मीच यायचं. ती कठड्यावर बसून मिश्री लावायची. बघणारे म्हणायचे, हिला काळीज आहे का धोंडा? एकानं तोंडावर विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "तुमास्नी काळीज हाय न्हवं? मग उद्या तुमी आणा तिला." तो गृहस्थ दुसऱ्या दिवसापासून तलावाला दुसऱ्या वेळेला यायला लागला.

राज्याच्या अपंगांच्या स्पर्धेत मी पहिली आले, तेव्हा मात्र गावाला प्रेमाचं भरतं आलं. आमच्या पेठेच्या नगरसेवकांनी सत्कार ठरवला. व्यासपीठाला सात उंच पायऱ्या होत्या. चौघांनी मला खुर्चीसकट उचलून वर नेलं आणि टाळ्या त्या चौघांना पडल्या. मला शाल, श्रीफळ आणि एक शिलाई मशीन मिळालं. पायानं चालवायचं. ज्या मुलीचा एक पाय चालत नाही तिला पायमशीन द्यायला मोठं मन लागतं, आणि ते आमच्या पुढाऱ्यांकडं होतं. भाषणात ते म्हणाले, देव एक दार लावतो तेव्हा दुसरं उघडतो. मी रोज तलावाच्या दारात अर्धा तास रखवालदाराची वाट बघत बसायचे, त्या दाराबद्दल ते काही बोलले नाहीत.

मशीन घरात आलं आणि वडिलांना नवा विचार सुचला. अपंगांच्या देशपातळीवरच्या स्पर्धेसाठी निवड चाचणी आमच्याच तलावावर होणार होती. वडील म्हणाले, निवड झाली तर पोह. नाही झाली तर पोहणं बंद, शिवणाचा क्लास लाव, पोटाचं बघ. वडिलांचंही काही चुकत नव्हतं. पण पाण्याबाहेर माझ्याकडं काहीच नव्हतं, आणि पाणी गेलं असतं तर मी काय उरले असते, हे मला पक्कं माहीत होतं. त्या महिन्यात मी नीट झोपले नाही.

माझ्या पोहण्यातली एक खुबी इथं सांगायला हवी, कारण सगळं तिच्यामुळंच बिनसलं. दुसऱ्या टोकाला भिंत गाठून वळलं की मी डाव्या पायानं ढकलून पाण्याखालून जमेल तितकं लांब सरकायचे. वरती उजवा पाय ओल्या पोत्यासारखा मागं ओढायचा, खाली तो त्रास कमी व्हायचा. वरून बघणाऱ्याला मात्र मुलगी खोल टोकाला गडप झालेली दिसायची. आत्तीला हे ठाऊक होतं. पेठेला नव्हतं.

चाचणीच्या दिवशी पेठ लोटली होती. पुण्याहून निवड समितीचे पंच आले होते, शिस्तीचे, पांढरे कपडे, गळ्यात शिट्टी. आमचे नगरसेवक प्रमुख पाहुणे म्हणून आले, आणि नुसती शाल-नारळ घेऊन कसं यायचं, म्हणून तालमीतले तीन पैलवान बरोबर घेऊन आले. त्यांना काठावर उभं करून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पोरगी आपली हाय. लक्ष ठेवा. काय झालं तर माझ्याकडं बघत बसू नका." पैलवानांनी शर्ट काढून ठेवले. ते तिघंही आत्तीच्या धारोष्ण दुधावर पोसलेले होते, त्यामुळं अंगात रग भरपूर होती.

मी उथळ टोकाकडून निघाले. आम्ही चौघी होतो. अर्ध्या अंतरात मी पुढं गेले, खोल टोकाची भिंत गाठली, वळले आणि पाण्याखाली गेले. मला आठवतं, मी खूश होते. तेवढ्यात डोक्यावर गडगडाट झाला. एकानं माझे केस धरले, दुसऱ्यानं दंड, तिसऱ्याला धरायला काही उरलं नाही म्हणून त्यानं पाय धरला, तोही चांगला. मी ओरडत होते ते त्यांना बुडणाऱ्याचं ओरडणं वाटलं. मला काठावर पालथी घालून त्यांनी पाठीवर दणके द्यायला सुरुवात केली, पोटातलं पाणी काढायला. पोटात पाणी नव्हतं, सकाळचं दूध होतं, ते निघालं.

पंचांनी शिट्टी वाजवली. स्पर्धकाला दुसऱ्याचा हात लागला की स्पर्धक बाद, असा नियम होता. त्यांनी तो शांतपणे सांगितला. मी फरशीवर पडून रडत होते. रागानं रडत होते, पण लोकांना ते कृतज्ञतेचे अश्रू वाटले. नगरसेवकांनीही रुमाल काढला. मला देण्यासाठी आणलेली शाल आणि नारळ त्यांनी जागच्या जागी पैलवानांच्या हाती दिले, आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "दोन शब्द बोल, पोरी." मी जे दोन शब्द बोलले ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. त्यांनी ते माझ्या अवस्थेच्या खात्यावर टाकले.

आत्ती मिश्री थुंकून उठली. आधी ती पंचांसमोर गेली. "पावणं, ही बुडत नव्हती. ती अशीच पवती. माझ्या म्हशीला इचारा." पंचांनी म्हशीला विचारलं नाही, पण तलावावरच्या शिक्षकांना विचारलं. मग बाकीच्या तिघींना विचारलं. त्या तिघींनी एका आवाजात सांगितलं की तिला परत पोहू द्या. त्यांनाही अशा मदतीची सवय होती. पंच म्हणाले, या तिघींच्या वेळा माझ्याकडं आहेत, हिनं तासाभरानं एकटीनं घड्याळाविरुद्ध पोहायचं. पण पुन्हा कुणी पाण्यात उडी मारली तर मला काही करता येणार नाही.

मग आत्ती पैलवानांकडं वळली. "शाल घ्या, नारळ घ्या आणि भाईर व्हा. आत दिसला तर उद्यापासनं दूध बंद." कोल्हापूरच्या पैलवानाला याहून मोठी धमकी नाही. ते निघाले. त्यांच्यामागं तिनं सगळी पेठ हाकलली, शेवटी नगरसेवकांनाही, आणि आतून फाटकाला कडी घातली. बाहेरून लोक ओरडत होते की म्हातारी पोरीचा जीव घेणार.

त्या तिघी कपडे बदलायला गेल्या होत्या. तलावावर उरलो पंच, शिक्षक, आत्ती आणि मी. अंग ठणकत होतं, केस उपटल्यागत झाले होते. शिट्टी झाली. मी गेले, भिंत गाठली, वळले, खाली गेले आणि या वेळी मुद्दामच थोडी जास्त लांब सरकले. कुणी उडी मारली नाही. वर आले, हात मारत राहिले, आणि हाताला भिंत लागली तेव्हा पंचांनी घड्याळ बंद केलं.

डोळ्यातलं पाणी निपटून मी वर बघितलं. कठडा रिकामा होता. आत्ती माझ्यापासून दोन हातांवर, तलावाच्या पायऱ्या उतरून पाण्यात उभी होती. नऊवारी लुगडं फुगून भोवती तरंगत होतं, पाणी छातीला लागलं होतं. तिला पोहता येत नव्हतं. मी खाली गेल्यावर ती एकेक पायरी उतरत गेली असणार. दोन्ही हात तिनं पाण्याबाहेर, डोक्याच्याही वर धरले होते.

पंच घड्याळातले आकडे वहीत लिहीत होते. ती माझ्याकडं बघतच नव्हती, त्यांच्याकडं बघत होती. "पावणं," ती म्हणाली, "मी पाण्यात उतरलो खरं, हात लावला न्हाय. पोरीला बाद करू नका."

पंचांनी वही मिटली आणि म्हणाले, निवड झाली. तरी बराच वेळ तिनं हात खाली घेतले नाहीत.