नाव न घेण्याची सवलत

एका प्रश्नावरून मी आमच्या मोठ्या डॉक्टरांशी भांडले होते. भांडणात मी पहिल्यापासून पटाईत. माहेरी मला मिरची म्हणायचे, आणि त्यात कौतुक फारसं नसायचं.

आमचं काम तसं साधं आहे. गावोगाव जायचं, साठीच्या पुढच्या माणसांना प्रश्न विचारायचे, त्यांचं बोलणं टॅबवर रेकॉर्ड करायचं आणि त्यावरून कॉम्प्युटरला शिकवायचं, की माणूस विसरायला लागला की त्याचं बोलणं कसं बदलतं. पुढेमागे गावातल्या पारावरच कळावं, कुणाला डॉक्टरकडे न्यायला हवं, असा सगळा खटाटोप. बोलता बोलता माणूस अडला, की त्या अडण्याला आमच्याकडे फार किंमत. अडण्याचं कारणही आम्हीच टिपायचं: आठवलं नाही, ऐकू आलं नाही, खोकला आला.

प्रश्न कुठल्या तरी मोठ्या शहरात बसून काढलेले. त्यात बायकांसाठी एक होता, तुमच्या नवऱ्याचं नाव काय? परतूरकडच्या गावांत बायकांनी पदर तोंडाला लावला, खुदुखुदु हसल्या, शेजारणीला म्हणाल्या, "तू सांग ना वं माय." आणि टॅब त्यांना धडाधड नापास करत सुटला. मी तशीच जालन्यातल्या आमच्या ऑफिसात गेले आणि डॉक्टरांना म्हणाले, "सर, या बायका काही विसरल्या नाहीत. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत. तुमच्या यंत्राला एवढी रीत तरी शिकवा."

डॉक्टर भला माणूस. त्यांनी ऐकलं. ठरलं असं, की बाई लाजून अडली तर कारण म्हणून 'लाज' टिपायचं आणि मार्क पूर्ण द्यायचा. बैठकीत माझ्यासाठी टाळ्या पडल्या. आपल्या मातीची जाण असलेली कार्यकर्ती, असं कुणीतरी म्हणालं. मी महिनाभर तरी जमिनीपासून वीतभर वर चालत होते.

मग आमचं पथक धावड्याला गेलं. धावडा माझं माहेर. आई आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, दोघंच तिथे राहतात. आपल्या माणसाची चाचणी आपण घ्यायची नाही, असा नियम आहे. पण मारुतीच्या देवळासमोर बायका जमल्या होत्या आणि आई सगळ्यांच्या पुढे येऊन बसली.

"मह्या पोरीनं साऱ्या जिल्ह्याला इचारलं, अन् मलाच न्हाई व्हय?"

बायका हसल्या. सोबतीच्या मुलीनं टॅब माझ्याकडे सरकवला. नाही म्हणायला तोंड होतं, पण उघडलं नाही.

वार तिनं बरोबर सांगितला. लक्षात ठेवायला दिलेल्या शब्दांतले काही निसटले, तर म्हणाली, "तू लई जल्दी सांगितले." दोष माझ्यावर ढकलणं ही तिची जुनी सवय, म्हणून मला बरंच वाटलं. मग तो प्रश्न आला.

आई गप्प झाली. "उखाणा घ्या की मावशी," मागून कुणीतरी ओरडलं. तिनं सुरुवात केली, "मोसंबीच्या बागंला हिरीचं पानी..." आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं. मग पदरात तोंड लपवून हसत म्हणाली, "जाऊ द्या बाई. पोरीपुढं नाव घेत असत्यात व्हय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि 'लाज'वर बोट ठेवलं.

आता खरं सांगायचं तर माझी आई लाजणारी बाईच नव्हे. हळदीकुंकवाला बायका आधी तिलाच पुढे करायच्या. ती उखाण्यात नाव घ्यायची ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं आणि अण्णा ओट्यावर बसून मिशीत हसायचे. उखाण्यात ती उभ्या जन्मात अडली नव्हती. हे मला त्या वेळी सुचलं नाही, असं मी म्हणणार नाही. सुचलं. ती माझ्याकडे पाहत होती ते काहीतरी शोधल्यासारखं. दुसऱ्या कुणा बाईची तशी नजर दिसली असती, तर मी डोळे मिटून 'आठवलं नाही' टिपलं असतं. पण ती माझी आई होती, भोवती गाव होतं, आणि मी भांडून मिळवलेली सवलत हाताशी होती.

त्या मार्कामुळे ती पास-नापासच्या रेषेच्या वर राहिली. रेषेखालच्यांना मोठ्या दवाखान्यात तपासायला न्यायला गाडी होती. धावड्यातून ती गाडी आईला सोडून गेली.

पुढच्या वर्षी ती देवळातून घरी यायची वाट चुकली, तेव्हा मी तिला घेऊन गेले. मेंदूचं चित्र काढलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "आधी आणायला पाहिजे होतं. गेलेलं परत आलं नसतं, पण हाताशी वेळ राहिला असता." मी मान हलवली. मी कोण, कुठल्या कामावर असते, हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

आमच्या सरांना मात्र सगळं सांगितलं. त्यांनी आईचं ते रेकॉर्डिंग लावलं. 'पानी'नंतरची शांतता आम्ही दोघांनी ऐकली. केवढी लांब होती ती! सर म्हणाले, "बाकीच्या बायकांसाठी तुमचं म्हणणं बरोबरच होतं." त्यांनी धीर द्यायला म्हटलं, आणि मला ते जास्त लागलं. तो प्रश्न आता काढून टाकलाय. पण तोवर गोळा केलेल्या आवाजांत कितीजणी खरंच लाजल्या आणि कितीजणी माझ्या सवलतीआड लपल्या, हे कोण सांगणार? कॉम्प्युटर सांगणार नाही. तो माझ्याकडूनच शिकलाय.

मागच्या महिन्यात मी धावड्याला गेले होते. सकाळी आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती, मी शेजारी बसले होते. अण्णा अंगणात खाटेची दोरी ताणत होते. आई माझ्या कानाशी वाकली.

"ते भाईर हायेत न्हाई का, त्यांचं नाव काय वं? मी घेत न्हाई म्हणून कुनी मला सांगतच न्हाई."

मी हळूच सांगितलं. तिनं ते मोठ्यानं म्हणून पाहिलं. मग पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्यानं. ना उखाणा, ना पदर. गावात नव्या आलेल्या कुणाचं नाव घ्यावं तसं.

"ओ!" अंगणातून अण्णांचा आवाज आला. दोरी टाकून ते दारात येऊन उभे राहिले. आई विसरते, हे त्यांना ठाऊक आहे. काय विसरलीय, ते ठाऊक नाही. नव्या नवरदेवासारखा चेहरा फुलला होता त्यांचा.

"ऐकलं का? तुह्या मायनं नाव घेऊन हाक मारली मला. लग्नापासून पयल्यांदा! म्हातारपनी लाज सोडली का काय हिनं?"

आई मेथीची पानं खुडत होती. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"व्हय अण्णा," मी म्हणाले, "लाज सोडली तिनं."