कनीज़ बानोंचा अर्ज

द्रौपदीबाई तायडे मूळच्या वाशिमच्या. नवरा भाऊराव सरकारी नोकरीत, म्हणून १९७४ साली लखनौला आल्या आणि तेलीबागेत भाड्याच्या घरात राहू लागल्या. रेशनकार्डाच्या रांगेत बायकांचे अर्ज भरून देता देता त्यांची हिंदी पक्की झाली. पुढे महिला मंडळाला चौकात एक खोली मिळाली. दर गुरुवारी त्या तिथे अर्ज लिहायला बसत.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात कनीज़ बानो आल्या. जन्मभर चिकनचं भरतकाम केलेलं. आता सुईत दोरा ओवता येईना. वृद्धांच्या पेन्शनचा अर्ज करायचा होता.

"बेटे कितने?"

"एक. अनवर. सात साल हुए, बंबई गया. ख़त नहीं आया."

मुलगा असला की पेन्शन अडायची. मंडळातली प्रतिमा, तीही मराठीच, हळूच म्हणाली, "नाही म्हणून लिहा ना, बाई. कोण बघायला येतंय?"

कनीज़ना मराठी कळत नव्हती, पण थांबलेलं पेन दिसलं.

"'नहीं है' मत लिखना, दीदी. बग़ैर पेन्शन के रह लूँगी."

द्रौपदीबाईंनी लिहिलं : मुलगा एक, सात वर्षं ठावठिकाणा नाही. अर्ज दोनदा परत आला. तिसऱ्यांदा मोहल्ल्यातल्या लोकांच्या सह्या घेऊन त्या स्वतः साहेबांपुढे उभ्या राहिल्या. "साहब, बेटा है. सहारा नहीं है. दोनों बातें सच हैं."

साहेबांनी कागद पुन्हा वाचला आणि सही केली.

त्या संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता द्रौपदीबाई भाऊरावांना म्हणाल्या, "माही मायही सांगत असंल कोणाले, लेक हाय म्हणून. पाच वर्सं झाली तिले पाहून."

"तो चली जाओ न, माँ," मुलगी वीणा वहीतून मान वर न करता म्हणाली.

मे महिन्यात त्या आईकडे गेल्या, आठच दिवस. आई रोज सकाळी विचारायची, "आज तर नाही ना जात?" तीच त्यांची शेवटची भेट ठरली.

कनीज़ना पाच-सहा वर्षं पेन्शन मिळाली. भाचीने किती बोलावलं, तरी त्यांनी गल्ली सोडली नाही. अनवरला तेवढाच पत्ता ठाऊक होता. पंच्याऐंशीत त्या वारल्या. द्रौपदीबाईंनी त्यांच्या घरात आलेल्या नव्या भाडेकरूंना तेलीबागेचा आपला पत्ता लिहून दिला. कुणी अनवर आला, तर इकडे पाठवा.

अठ्ठ्याऐंशीत भाऊराव निवृत्त झाले. वाशिमला परतायचं दोघांचंही ठरलेलं होतं. सामान बांधायची वेळ आली तेव्हा द्रौपदीबाई म्हणाल्या, "अजून एक वर्स थांबू."

 भाऊराव घरमालकाशी बोलायला गेले.