केशरबाईचा ब्रेकर

परतवाड्याहून सेमाडोहला जाताना घाट लागण्याआधी एक आंधळं वळण आहे. तिथं केशरबाईची भज्यांची टपरी. २००६च्या उन्हाळ्यात वाघ पाहायला निघालेली अकोल्याची एक जीप तिच्या डोळ्यांदेखत नाल्यात गेली. सात वर्षांची पोर जागीच दगावली. त्यानंतर केशरबाईनं ब्रेकरसाठी अमरावतीला चार खेपा घातल्या, साहेबांच्या दारात बसून राहिली.

ब्रेकर झाला. पण वळणाच्या दीडशे पावलं अलीकडे, नेमका जमुनाच्या टपरीसमोर.

"गाडी वळणाच्या आंधीच हळू व्हाले पायजे, बाई," मुकादम म्हणाला. खरंच होतं ते.

घरची कपाशी लागोपाठ दोन वर्षं बुडाली म्हणून जमुनानं नुकतीच टपरी टाकली होती. भजी तिला धड जमत नव्हती. पण गाड्या तिथं हळू व्हायच्या, कढईचा वास आत शिरायचा, माणसं उतरायची. केशरबाईसमोरून ती माणसं तोंड पुसत पुढं जायची.

"खेपा म्या घातल्या, अन् गिऱ्हाईक तिचं!" ती नवऱ्यापाशी, पंजाबरावांपाशी धुसफुसायची.

"अपघात तं थांबले ना?"

"थांबले. म्हून तिनंच खावं काय सारं?"

पावसात ब्रेकरचे पांढरे पट्टे धुऊन गेले. नवख्याला उंचवटा दिसेना. हे पहिल्यांदा केशरबाईच्याच ध्यानात आलं. ती गप्प राहिली. आदळू दे गाड्या, लोक जमुनाच्या नावानं बोटं मोडतील, असं वाटून तिला बरंही वाटलं.

श्रावणातल्या एका रविवारी पुण्याचं जोडपं मोटारसायकलवरून आलं आणि ब्रेकरवरून उडालं. केशरबाई हातातल्या झाऱ्यासकट धावली. मुलीच्या डोक्यातून रक्त वाहत होतं. जमुना पदर फाडून बांधत होती.

"मावशी, पट्टे गेले हे मले समजलंच नाई वो!"

केशरबाईनं मुलीचं डोकं मांडीवर घेतलं. जमुनाकडे तिला पाहवेना.

मुलगी वाचली. आठ टाके पडले.

दुसऱ्या दिवशी केशरबाई चुन्याची बादली घेऊन ब्रेकरवर बसली. एक गाडी हळू झाली. "मावशी, भजी कुठं चांगली मिळतात?"

"वळणावर," केशरबाई म्हणाली. जमुनानं ऐकलं आणि कढईत पुढचा घाणा सोडला.

गाडीतल्यांनी समोरची उकळती कढई पाहिली आणि ते तिथंच उतरले.

पुढं दर पंधरवड्याला केशरबाई ते पट्टे मारायची. मनातून जळायची, पण एकही खेप चुकवायची नाही.